मोबाइलवरचा मराठी फॉर्म कुठल्या क्रमाने बनवायचा, म्हणजे लोक तो मध्येच सोडून जाणार नाहीत

फॉर्म बनवायला घेतला की बहुतेक जण आधी फिग्मा (स्क्रीनची डिझाइनं काढायचं सॉफ्टवेअर) उघडतात, रंग ठरवतात, लोगो डावीकडे की मध्ये यावर अर्धा दिवस घालवतात, आणि मग ऑफिसातला कागदी फॉर्म समोर ठेवून त्यातले रकाने एकाखाली एक उतरवून काढतात. फॉर्म लाइव्ह झाला की फोन सुरू. "पुढे जातच नाहीये", "सगळं भरलं आणि परत कोरं झालं", "नाव चुकीचं आहे म्हणतंय पण माझं नाव तर हेच आहे". त्यावर ऑफिसचं उत्तर ठरलेलं, की लोकांना भरता येत नाही. तीच माणसं रोज यूपीआयने पैसे पाठवतात, रेल्वेचं तिकीट काढतात. फॉर्मच्या कामाचा क्रम चुकलेला असतो आणि त्याचा त्रास भरणाऱ्याला होतो.

खाली सगळीकडे एकच उदाहरण धरतोय. एका ट्रस्टचा, दहावी-बारावी झालेल्या मुलांसाठीचा शिष्यवृत्तीचा ऑनलाइन अर्ज. नाव, जन्मतारीख, पत्ता, मार्क, उत्पन्नाचा दाखला, बँक खातं, फोटो. तुमचा फॉर्म दवाखान्याच्या अपॉइंटमेंटचा असो नाहीतर सोसायटीच्या तक्रारीचा, पायऱ्या याच.

१. फिग्माच्या आधी: भरणारा माणूस कुठे बसलाय ते बघून या

दोन ठिकाणी प्रत्येकी तासभर बसा. एक कॉलेजचं ऑफिस, दुसरं एखादं महा ई-सेवा केंद्र किंवा सायबर कॅफे. काही विचारायचं नाही, नुसतं बघायचं आणि वहीत लिहायचं. फोन कुणाचा आहे, काच फुटलेली आहे का, एका हाताने धरलाय का, उन्हात उभे आहेत का, फॉर्म स्वतः भरतायत की केंद्रावरचा दादा भरतोय आणि मुलगी शेजारी उभी राहून सांगतेय.

ही पायरी लोक गाळतात, आणि पुढच्या निम्म्या चुका इथेच जन्माला येतात. मी एका संस्थेसाठी असाच अर्ज केला होता तेव्हा ओटीपी अगदी शेवटी ठेवला होता, सगळं भरून झाल्यावर. टेबलावर बसून बरोबर वाटलं. प्रत्यक्षात मुलगी तालुक्याला कॅफेत बसलेली, फॉर्ममध्ये दिलेला नंबर वडिलांचा, वडील शेतात, फोन लागेपर्यंत तीन मिनिटं संपलेली, ओटीपी बाद आणि अर्ज कोरा. अशी किती मुलं परत गेली असतील ते आम्हाला कधीच कळलं नाही, कारण अर्धवट अर्ज आम्ही साठवतच नव्हतो. तेव्हापासून ओटीपी पहिल्या स्क्रीनवर घेतो, मुदत दहा मिनिटांची ठेवतो आणि प्रत्येक पायरीला सेव्ह करतो.

तपासा: भरणाऱ्याच्या हातात त्या क्षणी कोणती कागदपत्रं असतात त्याची यादी झाली का? ती नसेल तर पुढे जाऊ नका.

२. प्रश्न कापा

कागदी फॉर्ममधला प्रत्येक प्रश्न एका ओळीत लिहा आणि समोर तीन गोष्टी लिहा. हे उत्तर ऑफिसात कोण वाचतं, वाचून काय करतं, आणि उत्तर नसलं तर काय अडतं. तिन्ही रकाने भरता आले नाहीत तर प्रश्न काढून टाका. ऑफिसवाले हटून बसतील ("आधीपासून आहे तो"), तेव्हा मागच्या वर्षीचा एखादा अर्ज काढा आणि त्या उत्तराचा उपयोग दाखवायला सांगा.

काही प्रश्नांची उत्तरं आधीच दुसऱ्या उत्तरात दडलेली असतात. जन्मतारीख घेतली की वय विचारायचं नाही. आयएफएससी कोड ११ अक्षरांचा असतो, त्यातली पहिली ४ अक्षरं बँकेची, पाचवं कायम शून्य, उरलेली ६ शाखेची, म्हणजे बँकेचं आणि शाखेचं नाव वेगळं लिहून घ्यायची गरजच नाही. उलट कोड टाकल्यावर खाली शाखेचं नाव दाखवा. माणूस ते वाचून लगेच ओळखतो, "हो, हीच आमची शाखा". आठवून लिहिण्यापेक्षा समोर दिसलेलं ओळखणं डोक्याला कितीतरी सोपं असतं, आणि या एका तत्त्वावर फॉर्ममधली बरीच दुखणी सुटतात.

३. क्रम लावा

सुरुवातीला एक छोटी स्क्रीन ठेवा: काय काय लागेल (पासबुक, मार्कशीट, उत्पन्नाचा दाखला, फोटो), किती वेळ लागेल, आणि मध्ये थांबलात तरी चालेल. उत्पन्नाचा दाखला तहसीलमधून यायला वेळ लागतो, आणि तो लागणार हे पाचव्या स्क्रीनवर कळलं तर माणूस उठून जाणार आणि परत येईलच असं नाही.

मग सोपं आधी, कागद शोधावे लागतात ते नंतर, आणि एका कागदावरचे प्रश्न एका ठिकाणी. खाते क्रमांक, आयएफएससी आणि खातेदाराचं नाव एकाच स्क्रीनवर, म्हणजे पासबुक एकदाच उघडायचं. एका स्क्रीनवर एकच विषय आणि वर साधं "४ पैकी २". एकमेकांशी संबंध असलेल्या गोष्टी जवळ ठेवल्या की डोळा त्यांना आपोआप एक गट मानतो, त्यासाठी चौकटी नि रेघा लागत नाहीत, मोकळी जागा पुरते.

इथे एक गैरसमज काढायलाच हवा. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांच्या १९५६ च्या लेखातला "सात अधिक-उणे दोन" हा आकडा घेऊन लोक सांगतात, की मेनूत सातच गोष्टी ठेवा, स्क्रीनवर सातच फील्ड (उत्तर लिहायच्या चौकटी) ठेवा. तो आकडा क्षणभर डोक्यात धरून ठेवण्याबद्दलचा आहे, आणि नेल्सन कोवन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये तो चारच्या आसपास आणला. मेनू तर डोळ्यासमोर असतो, तो कुणी पाठ करत नाही. हे तत्त्व लागतं ते वेगळीकडे: एका स्क्रीनवर दाखवलेला नोंदणी क्रमांक पुढच्या स्क्रीनवर टाकायला सांगता तिथे. किंवा ओटीपीचा मेसेज बघायला फॉर्ममधून बाहेर जावं लागतं, सहा आकडे डोक्यात धरून परत यावं लागतं आणि तोवर पान रिफ्रेश झालेलं असतं, तिथे. माणसाला एका ठिकाणचं दुसऱ्या ठिकाणी डोक्यात वाहून न्यायला लावू नका, एवढंच धरून चाला.

सावधान: शिफारसपत्र, छंद, "स्वतःबद्दल लिहा" असे लांब उत्तरांचे प्रश्न सुरुवातीला टाकू नका. फोनवर मराठी टाइप करायला वेळ लागतो आणि माणूस तिथेच दमतो.

४. कागदावर काढा

फोनच्या आकाराचे कागद कापा, पेनाने स्क्रीन काढा, शेजारच्या दोघांना बोटाने "भरायला" लावा. अर्ध्या तासाचं काम आहे. कागदावरचं खोडायला कुणाला वाईट वाटत नाही, पण फिग्मात चार दिवस घातले की त्यातलं काही काढायला जीव होत नाही.

५. शब्द आणि अक्षरं

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी ही. मराठी फॉर्म बहुतेकदा इंग्रजीत बनतो आणि शेवटच्या दिवशी भाषांतर होऊन येतो, त्यामुळे "कृपया वैध तपशील प्रविष्ट करा" असं काहीतरी दिसतं जे घरात कुणी बोलत नाही. लेबलं पहिल्यापासून मराठीत लिहा आणि मोठ्याने वाचून बघा.

"अर्जदाराचे संपूर्ण नाव" लिहिलं तर कुणी आडनाव आधी लिहितं, कुणी शेवटी, कुणी वडिलांचं नाव गाळतं. त्यापेक्षा "तुमचं नाव, पासबुकवर आहे तसं". आता चुकायला जागा उरत नाही, कारण बघून लिहायचंय.

बटणावर क्रिया लिहा. "सबमिट"पेक्षा "अर्ज पाठवा" बरं, "पुढे"पेक्षा "पुढे: बँकेची माहिती" बरं. आणि ही चूक तर ठिकठिकाणी सापडते: प्रश्न येतो "अर्ज रद्द करायचा आहे का?" आणि खाली दोन बटणं, "ठीक आहे" आणि "रद्द करा". "रद्द करा" दाबलं की अर्ज रद्द होणार की रद्द करणं रद्द होणार? तिथे "हो, अर्ज काढून टाका" आणि "नको, भरत राहतो" असं सरळ लिहा.

लेबल फील्डच्या वर, कायम दिसेल असं. फील्डच्या आत फिकट अक्षरात लिहिलेलं टाइप करायला लागलं की गायब होतं, आणि मध्येच फोन आला तर परत आल्यावर माणसाला कळतच नाही की या चौकटीत काय लिहीत होतो. शेजारीही नको, मराठी शब्द लांब असतात, लहान स्क्रीनवर तीन ओळींत मोडतात.

देवनागरीचं थोडं वेगळं बघावं लागतं, हे डेव्हलपरला लिहूनच द्या:

- ओळींमधलं अंतर अक्षराच्या निदान दीडपट. वर रफार-मात्रा आणि खाली उकार असतात, इंग्रजीच्या मापाने केलेल्या बटणात ते कापले जातात. "कीर्ती" आणि "दुरुस्ती" टाकून बघा.
- अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेखा तुटते.
- इंग्रजीतली कॅपिटल अक्षरं आपल्याकडे नाहीत, त्यामुळे महत्त्वाचं ठळक करायचं तर आकार आणि जाडी वापरा. तिरकी अक्षरं टाळा.
- पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवा, म्हणजे फॉन्टमध्ये सोय असेल तर ल आणि श मराठी वळणाचे दिसतात, आणि स्क्रीन रीडरलाही (दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) कळतं कुठल्या भाषेत वाचायचं.
- फील्डमधली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान नकोत. त्याहून लहान असली की आयफोनवर फील्डला हात लावताच पान झूम होतं आणि निम्मा फॉर्म स्क्रीनबाहेर जातो.

राखाडी कागदावर फिकट राखाडी अक्षरं सुंदर दिसत असतील, पण उन्हात वाचता येत नाहीत. वेबच्या सुलभतेचे जे डब्ल्यूसीएजी नियम आहेत त्यात साध्या मजकुरासाठी अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) निदान ४.५ ला १ असा सांगितलाय, तो फुकटच्या टूलवर मिनिटात तपासता येतो.

तपासा: फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करून फॉर्म उघडा. चाळिशीतल्या आई-वडिलांच्या फोनवर तसंच असतं. बटणावरची अक्षरं बाहेर सांडतायत का?

६. फील्ड: माणसाने कसंही टाकलं तरी घ्या

नाव. बरेच डेव्हलपर "नावात फक्त अक्षरं चालतील" असा नियम लावतात आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, हलन्त अडकतात, कारण युनिकोडच्या (संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) हिशोबात त्या अक्षरं नसून वेगळ्या गटातल्या खुणा आहेत. "स्मिता" आपल्याला दोन अक्षरी नाव, संगणकाला ६ घटकांचं. त्यामुळे "नाव चुकीचं आहे" असा मेसेज येतो आणि कमाल लांबीची मर्यादाही निम्म्यात संपते. स्वतःचं नाव चुकीचं आहे असं वाचून माणसाला काय वाटत असेल याचा विचार करा.

आकडे. मराठी कीबोर्डवरून १२३ टाइप झालं तर ते इंग्रजी आकड्यांपेक्षा वेगळे कॅरेक्टर असतात, आणि कोड त्यांना आकडा मानतच नाही. नाकारू नका, आतल्या आत बदलून घ्या. मोबाइल नंबरमधली मोकळी जागा, पुढचा शून्य, +९१ हे सगळं स्वतः काढा. आधार क्रमांक कार्डावरच ४-४-४ असा छापलेला असतो, माणूस तसाच टाइप करणार, तसा घ्या आणि दाखवताना पण तसाच दाखवा, कारण गटात मांडलेले १२ आकडे ताडून बघायला सोपे जातात.

खाते क्रमांकाला "नंबर" प्रकारचं फील्ड देऊ नका. आकड्यांचा कीपॅड उघडायला सांगता येतो पण साठवायचं मजकूर म्हणून, नाहीतर सुरुवातीचे शून्य उडतात. ऑफिसात यादी एक्सेलमध्ये उघडली की तिथेही हेच: एक्सेल १५ आकड्यांच्या पुढचे सगळे शून्य करून टाकतं. मुलीने बरोबर भरलेला १६ आकडी खाते क्रमांक ऑफिसात बिघडतो आणि पैसे परत येतात.

जन्मतारीख. कॅलेंडर आजच्या महिन्यावर उघडतं. १७ वर्षं मागे जायचं म्हणजे बाण २०४ वेळा दाबायचा. वर बारीक अक्षरात वर्ष लिहिलेलं असतं तिथे टॅप केलं की वर्षांची यादी उघडते, हे निम्म्या लोकांना माहीत नसतं. दिवस, महिना, वर्ष अशा तीन चौकटी द्या आणि महिना शब्दात.

बटणं. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेला नियम इथे रोज लागतो: लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका वेळ जास्त. बटण निदान केवढं हवं, तर ॲपल ४४ पॉइंट सांगतं, गूगल ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरची मापं), मी सरसकट ४८ धरतो. मोबाइल डिझाइनचे अभ्यासक स्टीव्हन हूबर यांनी २०१३ मध्ये रस्त्यावर, बसस्टॉपवर तेराशेवर लोकांचं निरीक्षण केलं होतं, त्यातल्या स्क्रीनला हात लावणाऱ्यांपैकी ४९ टक्के फोन एका हाताने वापरत होते, म्हणजे काम अंगठ्याचं. मुख्य बटण खालच्या भागात, रुंद, आणि "काढून टाका" त्याच्यापासून चांगलं लांब. "रीसेट" बटण तर ठेवूच नका, ज्याला खरंच सगळं पुसायचंय असा माणूस मला अजून भेटलेला नाही.

फोटो आणि दाखले. "१०० केबीपेक्षा कमी" अशी अट घालतात आणि साध्या फोनचा फोटोसुद्धा काही एमबीचा असतो. बारावीच्या मुलीने तो लहान कसा करायचा? ती कॅफेत पैसे देऊन करून आणते. फोटो लहान करणं हे कोडचं काम आहे, ते तिच्यावर टाकू नका.

७. एरर

डिझाइनचे अभ्यासक डॉन नॉर्मन चुकांचे दोन प्रकार करतात आणि हा फरक कामाचा आहे. एक म्हणजे हात घसरणं: माहीत होतं, पण बोट चुकीच्या अक्षरावर पडलं. दुसरी समजुतीची चूक: प्रश्नच वेगळा समजला. आयएफएससीत शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकणं ही घसरण, ती पाचव्या जागेवर असेल तर तुम्हीच दुरुस्त करा, तिथे शून्यच असतो. "उत्पन्न" विचारल्यावर कुणी महिन्याचं लिहिलं नि कुणी वर्षाचं, ही समजुतीची चूक, तिच्यासाठी लेबल बदलायला हवं: "घराचं वर्षाचं उत्पन्न, दाखल्यावर आहे ते". कितीही लाल मेसेज दाखवलेत तरी ती चूक थांबणार नाही, आकडा दोन्हीकडे "वैध"च दिसतो.

मेसेज लिहिताना: काय चुकलं, कसं दुरुस्त करायचं, आणि तो त्याच फील्डखाली. "अवैध इनपुट" ऐवजी "आयएफएससी ११ अक्षरांचा असतो, इथे १० आहेत. पासबुकच्या पहिल्या पानावर बघा."

वेळ पण महत्त्वाची. माणूस टाइप करतोय आणि दुसऱ्याच आकड्याला "मोबाइल नंबर चुकीचा" असं लाल येतं, हे ओरडल्यासारखं वाटतं. फील्ड सोडल्यावर दाखवा. चूक दुरुस्त होते तेव्हा मात्र लाल लगेच जाऊ द्या.

सावधान: चूक फक्त लाल रंगाने दाखवू नका, लाल-हिरवा फरक न दिसणारे लोक असतात. शब्द आणि खूण दोन्ही हवं. आणि एका एररमुळे बाकीचं भरलेलं कधीच पुसायचं नाही, एक अक्षरसुद्धा.

८. पाठवल्यानंतर

वेबसाइट वापरायला सोप्या कशा कराव्यात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी दिलेली तीन मापं लक्षात ठेवा. ०.१ सेकंदात झालं तर लगेच झालं असं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. गावाकडच्या नेटवर १० सेकंद सहज होतात. बटण दाबताच ते बंद करा आणि त्यावर "पाठवतोय, थांबा" लिहा, नाहीतर माणूस तीनदा दाबतो आणि तीन अर्ज येतात. फोटो चढताना टक्के दाखवा.

झाल्यावर अर्ज क्रमांक मोठ्या अक्षरात, पुढे काय होणार ते तारखेसकट, आणि एसएमएस. मराठी एसएमएस ७० कॅरेक्टरचा असतो, इंग्रजीसारखा १६० चा नाही, आणि काना-मात्राही मोजल्या जातात, म्हणून ट्रस्टचं लांबलचक नाव आणि शुभेच्छा काढा. "अर्ज मिळाला. क्र. ४५१२. निकाल १५ जुलै." पुरे.

९. पाच जण, पाच फोन

नील्सन आणि त्यांचे सहलेखक लँडॉअर यांच्या १९९३ च्या हिशोबातून "पाच जणांत ८५ टक्के अडचणी सापडतात" हे वाक्य फिरतं. त्यामागे एक धरलेली गोष्ट आहे, की प्रत्येक माणसाला ३१ टक्के अडचणी दिसतात, आणि ते सगळे एकाच प्रकारचे वापरणारे आहेत. म्हणून मुलं पाच घ्या आणि केंद्रावरचे दादा-ताई वेगळे पाच. आधी पाच, मग दुरुस्ती, मग नवे पाच. एकदम पंधरा जण बसवलेत तर एकच चूक पंधरा वेळा बघाल.

त्यांचा फोन, त्यांचं नेट. "ताई, हा अर्ज भरून दाखवता का, आम्ही फॉर्मची परीक्षा घेतोय, तुमची नाही" एवढं सांगून गप्प बसायचं. बोट थांबलं की मदत करायचा मोह होतो, तो आवरा, दहा सेकंद मोजा, मग "आता काय शोधताय?" एवढंच विचारा. "आवडला का?" कधीच विचारू नका. आपल्याकडे पाहुण्याला "नाही आवडला" कुणी म्हणत नाही, जो फॉर्म भरताच आला नाही त्यालाही "छान आहे" म्हणतात. कुठे थांबले, कुठे मागे गेले, कुठे मोठ्याने वाचलं ते लिहा.

१०. संमतीचे चौकोन, आणि लाइव्ह गेल्यावर

आधीच टिक केलेला पर्याय बहुतेक लोक बदलत नाहीत. हे माहीत असूनच "माझी माहिती इतर संस्थांना द्या" वर आधीच टिक ठेवली जाते. ठेवू नका. फॉर्मला देणगी किंवा विक्री जोडलेली असेल तर जास्तच जपा, केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला फसव्या डिझाइनचे १३ प्रकार नोंदवून ते गैर ठरवलेत, त्यात गुपचूप कार्टमध्ये वस्तू टाकणं आणि नकार देणाऱ्याला लाजवणं हेही आहे.

लाइव्ह गेल्यावर ऑफिसातल्या फोनशेजारी एक वही ठेवा. प्रत्येक फोनला तारीख, कुठली स्क्रीन, आणि माणसाने वापरलेले शब्द जसेच्या तसे. एकाच फील्डबद्दल तीन फोन आले की त्याच संध्याकाळी लेबल बदला. शेवटच्या दोन दिवसांत मात्र फॉर्ममध्ये काहीही बदलू नका, सगळ्यात जास्त अर्ज तेव्हाच येतात, आणि मुदत रात्री बारापर्यंत ठेवली असेल तर फोन उचलायला कुणीतरी बारापर्यंत बसवा.